'अवलंबून' या शब्दाची उलटतपासणी : उपग्रह दिक्चालनाच्या धोक्यावरचा एक अहवाल वाचताना

माझ्या सिनॉप्सिसच्या सादरीकरणातली दुसरी स्लाइड मी अजून जपून ठेवली आहे, अभिमानासाठी नाही, आठवण राहावी म्हणून. त्यावर मोठ्या ठळक अक्षरांत एकच वाक्य होतं : "पाश्चात्त्य देशांच्या जीडीपीपैकी 6 ते 7 टक्के वाटा उपग्रह दिक्चालनावर अवलंबून आहे." खाली युरोपियन संघासाठीचा आकडा, 800 अब्ज युरो. माझा विषय जीपीएस रिसीव्हरला खोटा सिग्नल ओळखायला कसं शिकवायचं हा. त्यामुळे 'हा विषय महत्त्वाचा का?' या प्रश्नाला यापेक्षा दणदणीत उत्तर नाही असं मला वाटत होतं.

आरआरसीमधल्या एका मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "अवलंबून म्हणजे नक्की काय गं? उद्या जीपीएस बंद पडलं तर सात टक्के उत्पन्न बुडणार का?"

मी म्हणाले, "तसं नाही मॅडम, म्हणजे... परिणाम होईल."

"किती?"

मला सांगता येईना. विषय मंजूर झाला, पण बाहेर आल्यावर गाईड एवढंच म्हणाले, "जिथून तो आकडा घेतलास ते पूर्ण वाचलं होतंस का?" खरं सांगायचं तर नव्हतं. मी तो दुसऱ्याच एका पेपरच्या प्रस्तावनेतून उचलला होता. आज हे टिपण लिहायचं कारण तेच. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन आता विषयाची जुळवाजुळव करत असाल. तुमच्याही दुसऱ्या स्लाइडवर असा एखादा आकडा असणार.

अहवाल कोणता?

हा आकडा इंग्रजी वाचकांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोचवला तो ब्रिटनच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंगच्या मार्च 2011 च्या अहवालाने. 'ग्लोबल नॅव्हिगेशन स्पेस सिस्टिम्स : रिलायन्स अँड व्हल्नरेबिलिटीज' हे त्याचं नाव, आणि अभ्यासगटाचे अध्यक्ष होते डॉ. मार्टिन थॉमस. याआधी अमेरिकेत ऑगस्ट 2001 मध्ये व्होल्पी केंद्राने वाहतूक व्यवस्थेच्या जीपीएसवरच्या भिस्तीचा अहवाल दिला होता. म्हणजे इशारा नवा नव्हता. पण 2011 च्या अहवालाने एक गोष्ट फार स्पष्ट मांडली, आणि त्यासाठी तो आजही वाचावा असं माझं मत आहे.

ती गोष्ट अशी. एखाद्या यंत्रणेला 'बॅकअप' आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तो बॅकअप कशावर चालतो हे आपण विचारत नाही. जहाजावर नकाशा जीपीएसवर, धोक्याच्या वेळी मदत मागणारं यंत्र जीपीएसवरून जागा कळवणार, आणि ज्या नेटवर्कवरून आपण मदतीचा फोन करणार त्याची घड्याळंही जीपीएसच्या वेळेला बांधलेली. वरून तीन वेगळ्या यंत्रणा दिसतात. खाली मुळी एकच आहे. एक घाव घातला की तिन्ही एकदम जातात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे पुस्तकात शिकवलेलं असतं, पण अहवालाने ते जहाज, फोन, विमान, बँक अशा रोजच्या गोष्टींत दाखवून दिलं.

मुळात सिग्नल इतका नाजूक का, हे दोन ओळींत सांगते. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटरवर आहेत. तिथून निघालेला सिग्नल आपल्या मोबाइलपर्यंत येतो तेव्हा त्याची शक्ती साधारण एका वॅटचे एक कोटी अब्ज भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी उरते. रिसीव्हरला कोड आधीच माहीत असतो म्हणूनच तो ती कुजबुज गोंगाटातून वेगळी काढू शकतो. पण शेजारी कोणी त्याच वारंवारितेवर जरासं ओरडलं की कुजबुज बुडते. याला जॅमिंग म्हणतात. आणि कोणी तोच कोड वापरून हुबेहूब, पण खोटी कुजबुज केली तर रिसीव्हर तीच खरी मानतो. याला स्पूफिंग म्हणतात. नागरी सिग्नलचा कोड सर्वांसाठी खुला आहे आणि जीपीएसच्या नेहमीच्या नागरी सिग्नलवर 'हा मीच पाठवला' अशी सही नसते. युरोपच्या गॅलिलिओने तशी सही देणारी सेवा अधिकृतपणे सुरू केली ती 2025 मध्ये. म्हणजे उपाय अशक्य नव्हता, फार उशिरा आला.

अहवालातला सर्वांत भक्कम पुरावा

अहवालात टक्केवारीपेक्षा मला जास्त पटलेला भाग म्हणजे 'पोल स्टार' या जहाजाची चाचणी. नाव 'ध्रुवतारा', आणि याच जहाजाची दिशा हरवून बघितली हा योगायोग. 2008 मध्ये ब्रिटनच्या दीपगृह प्राधिकरणांनी यॉर्कशायरच्या फ्लॅम्बरो हेड या भूशिराजवळ ही चाचणी घेतली. किनाऱ्यावरून जेमतेम दीड वॅटच्या आसपासचा जॅमर समुद्राकडे रोखला आणि जहाज त्या पट्ट्यातून ये-जा करत राहिलं. दीड वॅट म्हणजे घरातल्या एलईडी बल्बपेक्षाही कमी.

जॅमिंगच्या पट्ट्यात मधोमध गेल्यावर रिसीव्हर बंद पडले. हे अपेक्षितच होतं. त्याबरोबर जहाजाची ओळख प्रसारित करणारी यंत्रणा, जहाज जागेवर स्थिर ठेवणारी यंत्रणा, जायरो होकायंत्राला दुरुस्ती पुरवणारी यंत्रणा अशा एकेक गोष्टी कुरकुरू लागल्या, आणि ब्रिजवर अलार्मचा कल्लोळ झाला. पण खरी मेख पट्ट्याच्या कडेला होती. तिथे जॅमिंग अर्धवट होतं, म्हणून काही रिसीव्हर बंद न पडता चुकीची जागा सांगत राहिले. जहाज आयर्लंडच्या जमिनीवर, मग स्कँडिनेव्हियात. वेग 5,000 नॉटच्या वर.

यातून संशोधनाचा एक मोठा प्रश्न उभा राहतो. यंत्र मुकं झालं तर माणूस दुसरा मार्ग शोधतो. यंत्र आत्मविश्वासाने खोटं बोलू लागलं तर? आयर्लंडचं खोटं लगेच पकडता येतं. पण खोटं 5,000 नॉटचं नसून अर्ध्या नॉटचं असेल, तर?

आता या चाचणीवर टीका करायची झाली तर काय म्हणता येईल? 'एकच जहाज, एकच जागा, एकच जॅमर' हा नेहमीचा आक्षेप आहेच. पण तेवढ्यावर थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा : या मर्यादेमुळे निष्कर्ष कोणत्या बाजूला झुकतो? पोल स्टारच्या खलाशांना चाचणी होणार हे आधीच माहीत होतं. म्हणजे बेसावध खलाशांचे हाल यापेक्षा जास्तच झाले असते. मर्यादा आहे, पण ती निष्कर्षाला कमकुवत करत नाही, उलट सांगते की खरा धोका कमी दिसला असावा. उलट बाजूने हेही नोंदवावं की, चाचणी घेणारी दीपगृह प्राधिकरणं त्या काळात ई-लोरान या जमिनीवरून चालणाऱ्या पर्यायी यंत्रणेचा पुरस्कार करत होती. याचा अर्थ चाचणी खोटी असा नाही. पण जो उपाय सुचवला गेला तो वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं. मर्यादांची नुसती यादी देण्यापेक्षा प्रत्येक मर्यादा कुठल्या दिशेला ओढते ते लिहिलंत तर परीक्षकाला कळतं की तुम्ही पेपर खरंच वाचलाय.

आणि तो 6 ते 7 टक्के?

अहवालात शोधत गेले तेव्हा कळलं की हा आकडा अकॅडमीने काढलेलाच नाही. तो युरोपियन आयोगाच्या उपग्रह दिक्चालन कार्यक्रमाच्या मध्यावधी आढाव्यातून घेतलेला आहे. हे अकॅडमीने लपवलेलं नाही, तिथे स्पष्ट लिहिलंय. लपवलं ते पुढच्या सगळ्या प्रस्तावनांनी, आणि त्यात मीही आले. आयोगाचा आकडा अकॅडमीच्या अहवालात, तिथून कोणाच्या पेपरात, तिथून माझ्या स्लाइडवर. प्रत्येक उडीत एकेक अट गळून पडली. एक गोष्ट आणखी : आयोगाचा आढावा हा स्वतःच्या गॅलिलिओ कार्यक्रमाबद्दलचा होता. ज्याला कार्यक्रमासाठी पैसा हवा आहे तो कार्यक्रमाचं महत्त्व सांगणारा आकडा देतो, यात गैर काही नाही. पण तो आकडा धोक्याचं माप म्हणून वापरला की गडबड होते.

गडबड 'अवलंबून' या शब्दात आहे. या एका शब्दाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी दडतात :

1. वापर : एखादं क्षेत्र जीपीएस वापरतं. टॅक्सी कंपनी वापरते, म्हणून तिचा सगळा धंदा 'अवलंबून' म्हणून मोजायचा का?
2. फायदा : जीपीएसमुळे किती जास्त कमाई किंवा बचत होते. टॅक्सी जीपीएसशिवायही धावते, थोडी हळू, थोडी चुकत.
3. नुकसान : आज अचानक बंद पडलं तर किती बुडेल. हे फायद्यापेक्षा कमीही असू शकतं आणि जास्तही. कारण जुने मार्ग आपण दरम्यान मोडून टाकलेले असतात.

तिसरं माप धोक्याचं. माझ्या स्लाइडवर होतं पहिलं माप, आणि मी ते तिसऱ्याच्या थाटात वाचून दाखवलं.

दोन अभ्यास, दोन वेगळी उत्तरं

नुकसान मोजण्याचे प्रयत्न पुढे झाले. 2017 मध्ये लंडन इकॉनॉमिक्स या संस्थेने ब्रिटनसाठी अभ्यास केला : पाच दिवस उपग्रह दिक्चालन गेलं तर 5.2 अब्ज पौंडांचं नुकसान. त्याच अहवालात म्हटलंय की ब्रिटनच्या जीडीपीपैकी 11.3 टक्के वाटा असलेल्या क्षेत्रांना या सेवेचा थेट आधार आहे.

एका अहवालात दोन्ही मापं मिळाली, म्हणजे आपल्याला गुणाकार करता येतो. करून बघा. ब्रिटनचा त्या वेळचा वार्षिक जीडीपी ढोबळमानाने 1,800 अब्ज पौंड धरला तर पाच दिवसांचे झाले साधारण 25 अब्ज. त्याचे 11.3 टक्के म्हणजे सुमारे 2.8 अब्ज. 'अवलंबून' असलेलं सगळंच्या सगळं बुडालं असं धरलं तरी 2.8 अब्जच होतात. मग 5.2 अब्ज आले कुठून?

उत्तर अहवालातच आहे. 5.2 अब्जांपैकी उत्पादनातली घट फक्त 1.7 अब्ज. उरलेले 3.5 अब्ज म्हणजे लोकांना मिळणाऱ्या उपयुक्ततेचं नुकसान : रस्त्यात वाया गेलेला वेळ, उशिरा पोचलेली मदत वगैरे, ज्याचा बराचसा भाग जीडीपीत दिसतच नाही. म्हणजे जीडीपीची टक्केवारी दोन्ही बाजूंनी फसवते. उत्पादनापुरतं बोलायचं तर ती नुकसान फुगवते, कारण 2.8 पैकी 1.7 च गेले. आणि लोकांच्या जगण्याबद्दल बोलायचं तर ती निम्म्याहून जास्त नुकसान मोजतच नाही. हा ढोबळ हिशोब पाच मिनिटांचा आहे. तो मी आरआरसीच्या आदल्या रात्री केला असता तर मॅडमच्या 'किती?'ला उत्तर होतं.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, 2019 चा. आरटीआय इंटरनॅशनलने तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीसाठी केलेला. तीस दिवस जीपीएस गेलं तर दिवसाला सुमारे एक अब्ज डॉलरचं नुकसान, आणि हे नेमकं पेरणीच्या दिवसांत झालं तर ते पन्नास टक्क्यांपर्यंत जास्त, असा त्यांचा अंदाज. तिथले मोठे ट्रॅक्टर जीपीएसच्या रेषेवर पेरतात, आणि पेरणी कोणासाठी थांबत नाही. वाफसा चुकला की हंगाम चुकला, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. 'कधी' हा प्रश्न 'किती' इतकाच महत्त्वाचा आहे, हे या एका तपशिलातून कळतं. पहिल्या मापात, म्हणजे नुसत्या वापराच्या टक्केवारीत, 'कधी'ला जागाच नाही.

आता दोन्ही शेजारी ठेवा. ब्रिटनच्या अभ्यासात 88 टक्के नुकसान रस्ते, सागरी वाहतूक आणि आपत्कालीन व न्याय सेवांमध्ये. अमेरिकेच्या अभ्यासात जीपीएसने आजवर दिलेल्या एकूण फायद्यापैकी जवळपास निम्मा टेलिकॉम क्षेत्राचा. मग कोण चूक? कोणीच नाही. प्रश्नच वेगळे आहेत. एकाने भविष्यातलं अचानक नुकसान मोजलं, दुसऱ्याच्या या आकड्याने मागचा साठलेला फायदा. आणि कालावधीही बघा. मोबाइल टॉवर जीपीएसकडून जागा नाही, वेळ घेतात. जीपीएस गेलं तर त्यांची स्वतःची घड्याळं काही काळ तग धरतात : साधी क्वार्ट्झची काही तास, रुबिडियमची त्याहून बरीच जास्त. गृहीतकात पाच दिवस धरले की तीस, यावर टेलिकॉमचं नुकसान क्षुल्लक की प्रचंड हे ठरतं. अहवालाच्या मुखपृष्ठावरचा आकडा वाचण्याआधी गृहीतकांचं पान उघडायचं, हा धडा मी इथे शिकले.

निसर्गाने, म्हणजे एका सॉफ्टवेअरने, केलेला प्रयोग

हे सगळे अंदाज. प्रत्यक्षात काही घडलंय का? 26 जानेवारी 2016 ला घडलं. त्या दिवशी जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना जमिनीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली, आणि काही उपग्रह जागतिक प्रमाणवेळेशी जोडणारा जो दुरुस्तीचा आकडा प्रसारित करतात तो सुमारे 13 मायक्रोसेकंदांनी चुकला. काही तास चुकलेलाच राहिला.

13 मायक्रोसेकंद म्हणजे किती? प्रकाश एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जातो. ही चूक जागा काढण्याच्या हिशोबात शिरली असती तर अंतरात जवळपास 4 किलोमीटरचा घोळ झाला असता. पण जागा काढताना रिसीव्हर उपग्रहांच्या आपापसातल्या वेळेवर चालतो, प्रमाणवेळेच्या दुरुस्तीची त्याला गरज नसते. म्हणून गाडी चालवणाऱ्याला काहीच कळलं नाही. बोंब उठली ती वेळ वापरणाऱ्यांत : जगभरच्या टेलिकॉम यंत्रणांत अलार्म वाजले, ब्रिटनमध्ये डिजिटल रेडिओच्या प्रसारणात अडथळे आले.

मला हा प्रसंग टक्केवारीच्या दहा स्लाइडपेक्षा मोलाचा वाटतो. एक, कोणी शत्रू नव्हता. ना जॅमर, ना स्पूफर. आतल्याच माणसांच्या कामात चूक झाली. दोन, नकाशा दिसणाऱ्या वापरकर्त्याला झळ नाही, आणि ज्याला आपण जीपीएस वापरतो हे रोज आठवतही नाही त्याला झळ. अवलंबन सर्वांत जास्त असतं तिथे ते सर्वांत कमी दिसतं. वापर मोजणारी टक्केवारी नेमकी इथेच आंधळी ठरते.

आपल्याकडचा आकडा

आता घरात येऊ. मार्च 2025 मध्ये लोकसभेत नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी दिलेल्या उत्तरानुसार, नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, जीपीएसमध्ये हस्तक्षेप व स्पूफिंगच्या 465 घटना नोंदल्या गेल्या. हा आकडा मी आता बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये बघते. त्यालाही तेच प्रश्न विचारा.

छेद काय? 465 घटना किती उड्डाणांपैकी? घटना म्हणजे काय : एका विमानाचा एक प्रवास, की प्रत्येक वेळी गेलेला सिग्नल? आणि मोजणी नोव्हेंबर 2023 पासूनच का? कारण त्याच महिन्यात डीजीसीएने अशा घटना कळवण्याबाबतचं परिपत्रक काढलं. कळवायला सांगितलं की नोंदी येऊ लागतात. त्यामुळे 'आधी शून्य, मग 465, म्हणजे धोका वाढला' असा आलेख काढलात तर तो धोक्याचा नसून परिपत्रकाचा आलेख असेल. धोका वाढला नाही असं मी म्हणत नाही, पश्चिम आशिया आणि पूर्व युरोपच्या आकाशात 2023 नंतर परिस्थिती बिघडली हे उघड आहे. 2024 च्या एप्रिलअखेरीस फिनएअरने एस्टोनियातल्या टार्टूची विमानं महिनाभर थांबवली, कारण तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवरच होती आणि सिग्नल मिळत नव्हता. मी एवढंच म्हणते की 465 या एकट्या आकड्यावरून वाढ सिद्ध होत नाही.

टार्टूच्या जोडीला दिल्ली ठेवून बघा. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली विमानतळाजवळ धावपट्टी 10 वर जीपीएस आधारित पद्धतीने उतरणाऱ्या काही विमानांना स्पूफिंगचा अनुभव आला, असं सरकारने संसदेत सांगितलं. इतर धावपट्ट्यांवर जमिनीवरची पारंपरिक साधनं असल्याने तिथलं काम अडलं नाही. एकीकडे पर्याय नव्हता म्हणून सेवाच थांबली, दुसरीकडे पर्याय होता म्हणून विमानं उतरत राहिली. हल्ला सारखाच, परिणाम वेगळा. धोका सिग्नलमध्ये आहेच, पण तो किती महाग पडणार हे जमिनीवरच्या तयारीवर ठरतं.

'मग आपलं नाविक आहे ना?' हे मला दर सेमिनारला कोणीतरी विचारतं. नाविक असणं चांगलंच. दुसऱ्या देशाने सेवा नाकारली किंवा बिघडवली तर आपण उघडे पडणार नाही. पण ते स्वातंत्र्य झालं, चिवटपणा नव्हे. नाविकचा सिग्नलही त्याच्याहून लांबच्या कक्षेतून, तेवढाच क्षीण होऊन येतो. जॅमर त्याचा देश विचारत नाही. शिवाय पहिल्या उपग्रहाची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली, आणि जानेवारी 2025 मध्ये सोडलेला एनव्हीएस-02 ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमधून देशभरच्या एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. योजना मोलाची आहे, वादळाचा इशारा बोटीपर्यंत पोचणं म्हणजे जीव वाचणं. पण उद्या कोणी लिहील, 'एक लाख बोटी उपग्रहावर अवलंबून'. तेव्हा विचारायचा प्रश्न हा : पडदा काळा झाला किंवा खोटं बोलू लागला तर तांडेलाला किनारा सापडेल का? आजच्या तांडेलाला डोंगराची खूण, पाण्याची खोली, तळाचा चिखल की वाळू हे कळतं. त्याच्या मुलाला कळेल का? हे कुठल्याच टक्केवारीत येत नाही, आणि मला वाटतं खरं संशोधन इथे आहे.

अहवालाचं काय झालं?

2011 च्या अहवालाची अभियंत्यांनी वाहवा केली. पर्याय म्हणून ज्या ई-लोरानची चर्चा होती त्याचं काय झालं? अमेरिकेने जुनी लोरान-सी सेवा फेब्रुवारी 2010 मध्येच बंद केली होती. 2015 च्या शेवटी फ्रान्स आणि नॉर्वेने आपली केंद्रं बंद केली, आणि एकट्या ब्रिटनच्या केंद्रावर जागा काढणं शक्य नसल्याने तिथली दिक्चालन सेवाही थांबली. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश सरकारने नवा धोरण आराखडा जाहीर केला तेव्हा त्यात पुन्हा ई-लोरानचा प्रस्ताव होता. बारा वर्षांनी फिरून त्याच जागी.

माझी अहवालावरची मुख्य टीका ही आहे. धोका पटवण्यात तो यशस्वी झाला, पण पर्याय कोण चालवणार, खर्च कोण करणार, शेजारी देशाने हात काढला तर काय, हे प्रश्न उपायाच्या मुळाशी होते आणि त्यांना पुरेसं वजन मिळालं नाही. मोठ्या आकड्याने सगळे घाबरले. पण नुसत्या भीतीवर तिजोरी उघडत नाही. तिजोरी उघडते ती 'इतके दिवस, या हंगामात, या लोकांचं, एवढं नुकसान' असं सांगितल्यावर.

तुमच्या सिनॉप्सिसआधी

तुमच्या विषयातला आकडा घ्या आणि एका कागदावर ही उत्तरं लिहा :

- आकडा मुळात कोणी काढला, आणि कशासाठी? तुम्ही मूळ पान पाहिलंत का?
- तो वापर मोजतो, फायदा मोजतो की नुकसान?
- किती काळासाठी, वर्षाच्या कोणत्या वेळी?
- छेद काय आहे, आणि मोजणी कधी व का सुरू झाली?
- मर्यादा निष्कर्षाला कोणत्या बाजूला ओढतात?

जाता जाता या विषयात येऊ पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. जॅमर किंवा स्पूफर बनवून गच्चीवर 'लावून बघू' असा विचारही करू नका. तो गुन्हा आहे आणि वरून जाणाऱ्या विमानाला त्रास होऊ शकतो. टेक्सास विद्यापीठाने स्पूफिंगच्या नोंदी संशोधकांसाठी खुल्या केल्या आहेत, त्यावर सुरुवात करा. विमानं स्वतःच्या जागेची खात्री किती आहे हे प्रसारित करतात, त्यावरून रोजचे जॅमिंगचे नकाशेही बनतात. तेही वापरा, पण वरचे प्रश्न तिथेही लावा : नकाशावर जिथे रंग नाही तिथे जॅमिंग नाही, की विमानच नव्हतं? आणि दहा किलोमीटर उंचीवरच्या विमानाला जे दिसतं ते जमिनीवरच्या गाडीला दिसेलच असं नाही.

माझी दुसरी स्लाइड आता बदलली आहे. त्यावर टक्केवारी नाही. पोल स्टारचा मार्ग आहे, जहाज आयर्लंडच्या जमिनीवर दाखवणारा, आणि खाली एक प्रश्न : रिसीव्हरला स्वतःचं खोटं कळावं यासाठी त्याला काय माहीत असायला हवं? सहा महिन्यांच्या प्रगती सादरीकरणात त्याच मॅडम होत्या. त्यांनी स्लाइड बघितली, काही बोलल्या नाहीत, थेट तिसऱ्या स्लाइडवरच्या गणिताबद्दल विचारलं. त्याचंही उत्तर मला नीट देता आलं नाही, पण तो पुढच्या टिपणाचा विषय.